दिवा मारला म्हणजे

नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची गोष्ट. माझ्या भावाने अमेरिकेत असतानाच तिकडच्या एका मुलीशी लग्न केलं आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तो तिला घेऊन पिंपरी पेंढारला आला. त्याला नोकरी सोडून गावातच फुलांचं पॉलिहाऊस उभं करायचं होतं. पण तिथलं थोडं काम राहिलं होतं, म्हणून वहिनीला आमच्याकडे ठेवून तो तीन महिन्यांसाठी परत गेला. घरात मग आम्ही चौघं उरलो: आई, आप्पा म्हणजे माझे वडील, वहिनी आणि मी.

मी तेव्हा शेजारच्या गावातल्या शाळेत इंग्रजी शिकवायची. त्यामुळे वहिनीचं सगळं माझ्याकडे आलं. भावाने तिला थोडं मराठी शिकवलं होतं. 'जेवण झालं का', 'पाणी तापलं', 'मी करते', असली लहान वाक्यं ती नीट बोलायची. आईने तिला सांगितलं, नवऱ्याच्या बहिणीला 'वन्सं' म्हणायचं. तिने ते ऐकलं ते 'वन्स'. इंग्रजीत ज्याचा अर्थ 'एकदा', तो शब्द. माझं नाव एकदा कसं असेल म्हणून तिने दोन दिवस मला कशानेच हाक मारली नाही.

गंमत म्हणजे अडचण मराठीची कमी आणि इंग्रजीची जास्त व्हायची. आमचं इंग्रजी पुस्तकातलं, साहेबाच्या राज्यातलं. तिचं वेगळंच. पेट्रोल पंपावर तिने 'गॅस' मागितला तेव्हा पंपावरच्या माणसाने तिला सिलेंडरच्या दुकानाचा रस्ता दाखवला. गाडीच्या मागच्या बाजूला ती 'ट्रंक' म्हणायची आणि आईला वाटायचं, माळ्यावरची पत्र्याची पेटी हवी आहे. 'डिकी' म्हणायचं असतं, मी सांगितलं. 'ओव्हरटेक' म्हणायचं. 'पासिंग' म्हणू नको, इथे पासिंग म्हणजे आरटीओचं. ती हे सगळं एका वहीत लिहून घ्यायची. डाव्या बाजूला तिचा शब्द, उजव्या बाजूला माझा. मला बरं वाटायचं. अमेरिकेतली बाई माझ्याकडून इंग्रजी लिहून घेते आहे, हे मी शाळेत सांगितलंसुद्धा.

त्याच सुमाराला आप्पांच्या पायाची जखम चिघळली. साखरेचा त्रास होताच. वरंब्यावरून चालताना काटा मोडला, तो त्यांना कळलाही नाही. करंगळीच्या बुडाशी भोक पडलं. मंचरच्या एका डॉक्टरांकडे दर तिसऱ्या दिवशी ड्रेसिंगला न्यायचं ठरलं. पहिल्या खेपेला एसटीने गेलो. आळेफाट्याला गाडी बदलताना कोणाचा तरी पाय त्यांच्या पायावर पडला. आप्पा ओरडले नाहीत, पण खांबाला धरून बराच वेळ उभे राहिले. त्यांचं धोतर घोट्यापाशी लाल झालं होतं.

घरी भावाने घेतलेली जुनी मारुती व्हॅन उभी होती. टोमॅटोचा हंगाम, गावातले गाडी चालवणारे सगळे नारायणगावच्या बाजारात गुंतलेले. वहिनी म्हणाली, "मी चालवते. माझ्याकडे परवाना आहे."

आई माझ्याकडे बघायला लागली. आप्पा म्हणाले, "चालवील ती. तिकडं बायाच चालवत्यात. तू शेजारी बस अन् तिला सांगत जा."

मला गाडी चालवता येत नव्हती. सायकलसुद्धा नीट येत नव्हती. पण इंग्रजी यायचं, म्हणून पुढची सीट माझी.

त्या सीटवर बसायची मला किती भीती वाटायची हे मी तेव्हा कोणाला सांगितलं नाही. व्हॅनला पुढे नाक नसतं. तुमच्या गुडघ्यांपुढे पत्रा आणि काच, आणि त्यापुढे थेट समोरची गाडी. वहिनीची उभी हयात रस्त्याच्या उजव्या बाजूने गेलेली. इथे डावीकडून जायचं, डाव्या हाताने गिअर टाकायचा, आणि तिने आजवर गिअरच टाकले नव्हते. तिकडच्या गाडीचे आपोआप पडत. वळायच्या आधी ती इंडिकेटर म्हणून जो दांडा दाबायची तो वायपरचा निघायचा. कोरड्या काचेवर वायपर खरडत फिरायला लागला की मला कळायचं, आता वळायचं आहे.

सरळ रस्त्यावर ती चांगली चालवायची. घोळ व्हायचा वळल्यावर. पेंढारच्या रस्त्यावरून आळेफाट्याच्या चौकात शिरलो की ती हळूच उजवीकडे सरकायची, तिचं तिलाही न कळता. मी म्हणायची, "लेफ्ट." ती गाडी डावीकडे घ्यायची. पुन्हा थोड्या वेळाने मी म्हणायची, "लेफ्ट, लेफ्ट." माझा आवाज चिरकायचा. पुणे-नाशिक रस्ता तेव्हा दोनच गाड्यांच्या रुंदीचा होता. समोरून येणारी बस पुढच्या ट्रकला मागे टाकताना सगळा रस्ता व्यापून आमच्यावर यायची आणि शेवटच्या क्षणी आत शिरायची. वहिनीच्या तळहातांना घाम यायचा. मांडीवर एक नॅपकिन ठेवून ती एकेक हात पुसायची, आणि तो हात स्टिअरिंगवरून सुटला की मी दाराची मूठ पकडायची. रस्त्याच्या कडेला उलटलेला एखादा टेम्पो दिसला की मी मान फिरवायची. सांडलेल्या टोमॅटोंवरून लोक चालत असायचे.

मागे आप्पा पाय सीटवर लांब करून बसलेले. आम्ही दोघी पुढे इंग्रजीत बोलायचो, त्यातलं त्यांना कळायचं नाही, आणि ते विचारायचेही नाहीत.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला वहिनीने मला विचारलं, "समोरचे ट्रक मला दिवे का दाखवतात? भर दुपारी?"

खरं म्हणजे मला माहीत नव्हतं. मी आयुष्यभर एसटीत खिडकीशी बसून आले होते, समोरचा दिवा मी कशाला बघेन. मी म्हणायला हवं होतं, माहीत नाही. पण वहिनीची वही होती, शाळेत मी सांगितलेल्या बढाया होत्या, आणि ती माझ्याकडे विश्वासाने बघत होती. मी म्हणाले, "तो तुला वाट देतोय. तू आधी जा म्हणतोय."

"आमच्याकडेही तसंच असतं," ती म्हणाली, आणि तिला हायसं वाटलेलं दिसलं. निदान एक गोष्ट तरी दोन्हीकडे सारखी निघाली होती. घरी आल्यावर तिने ते वहीत लिहिलं.

त्यानंतरच्या खेपेला ते झालं.

मंचरच्या वाटेवर एक जुना दगडी पूल होता. दोन मोठ्या गाड्या त्यावर शेजारून जात नसत. एकाने अलीकडे थांबायचं, दुसऱ्याने यायचं. आम्ही पुलाशी पोहोचलो तेव्हा पलीकडून एक मालाने भरलेला ट्रक येत होता. वहिनीने वेग कमी केला. ट्रकने दोनदा दिवे चमकवले. वहिनीने हात वर करून त्याचे आभार मानले, आणि गाडी पुलावर घातली.

ट्रक थांबला नाही. तो मोठा होत गेला. मला त्याच्या समोरच्या पट्टीवर रंगवलेली फुलं दिसली, मग त्यांच्या पाकळ्या दिसल्या. त्याचा हॉर्न माझ्या छातीत वाजत होता. वहिनीने स्टिअरिंग डावीकडे ओढलं. व्हॅन कठड्याला घासत गेली. माझ्या खिडकीबाहेरचा आरसा तुटून आत आला आणि दगडावर पत्रा घासल्याचा आवाज माझ्या कानाशी किती वेळ चालला होता मला सांगता येणार नाही. मग सगळं थांबलं. वहिनीच्या बाजूला ट्रकचं चाक होतं, हात बाहेर काढला तर लागेल इतकं जवळ. माझ्या बाजूला कठडा, आणि कठड्याखाली कोरडी नदी. खडकावर कोणीतरी कपडे वाळत घातले होते. मी त्या कपड्यांकडे बघत राहिले.

"आप्पा?" मी मागे न बघता विचारलं.

"हाये," आप्पा म्हणाले.

ट्रकवाला खाली उतरून पुढून वळसा घालून आला. चिडलेला होता, पण आत बाई, तीही गोरी, बघून त्याचा आवाज खाली आला.

"लाईट मारली व्हती ना मी, बाई? दिसली न्हाई का?"

"दिसली," वहिनी मराठीत म्हणाली. "म्हणून आले."

तो मागे बसलेल्या आप्पांकडे बघायला लागला. वहिनीने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. एवढंच. पण त्या माणसाचं वाक्य तिला कळलं होतं, आणि मी काय सांगितलं होतं तेही तिच्या लक्षात होतं. मी फुटलेल्या आरशाचे तुकडे मांडीवरून वेचायला लागले.

मागे थांबलेल्या गाड्यांमधल्या लोकांनी हात दाखवत दाखवत आमची व्हॅन उलटी पुलावरून बाहेर काढली. त्या दिवशी ड्रेसिंग झालं. येताना वहिनीने गाडी बैलगाडीच्या वेगाने आणली आणि घरासमोर उभी करून किल्ली आईच्या हातात दिली.

संध्याकाळी भावाचा फोन आला. आईने त्याला सगळं सांगितलं. मग वहिनीने फोन घेतला. तो इतक्या मोठ्याने बोलत होता की मला स्वयंपाकघराच्या दारात ऐकू येत होतं. तुला कोणी सांगितलं घुसायला, आप्पा गाडीत होते, कळत नाही का. वहिनी भिंतीकडे तोंड करून उभी होती. ती म्हणाली, "माझी चूक झाली." पुन्हा म्हणाली. मी दारात परात धरून उभी होते. पुढे होऊन फोन हातात घ्यायला चार पावलं लागली असती.

मी गेले नाही. आज उद्या सांगू म्हणत राहिले. रस्त्याची भीती एकवेळ गाडीतून उतरलं की उतरायची. ही खरं सांगायची भीती उतरेना. जेवताना आई म्हणाली, "आता गाडीला हात लावायचा नाही," तेव्हा मी घास चावत होते. आप्पा वहिनीला म्हणाले, "सूनबाई, घाई करू नये रस्त्यावर," तेव्हाही. वहिनी "हो" म्हणाली. ती मला उघडं पाडेल म्हणून मी वाट बघायची, आणि ती पाडत नव्हती म्हणून मला तिच्या समोर बसवेना.

पुढचे आठ दिवस मंचरला जाणं झालं नाही. गावातल्या दवाखान्यातला कंपाउंडर घरी येऊन पट्टी बदलायचा. सगळे म्हणायचे, तेवढ्याने भागेल. नवव्या दिवशी दुपारी आप्पांना हुडहुडी भरली. भर उन्हात त्यांनी गोधडी मागितली. आईने पट्टी सोडली आणि वासाने ती मागे सरकली. करंगळी काळी पडली होती.

बाजाराचा दिवस होता. मी तीन घरं फिरले, एकही गाडी जागेवर नव्हती. परत आले तर वहिनी अंगणात उभी होती. तिने आईपुढे हात केला. आईने किल्ली दिली.

मला त्या सीटवर पुन्हा बसायचं नव्हतं. हे लिहायला मला लाज वाटते, पण आप्पा मागे कण्हत असताना मी व्हॅनच्या दारात उभी राहून कारण शोधत होते. आईजवळ कोणीतरी थांबायला हवं, मी मागे आप्पांजवळ बसते, असलं काहीतरी. वहिनी म्हणाली, "वन्सं, बसा." मी बसले.

नारायणगाव ओलांडलं. मी 'लेफ्ट' म्हणत नव्हते आणि तिला लागतही नव्हतं. ती रस्त्याच्या अगदी कडेने, कधी कधी मुरमावरून चालवत होती. समोरून गाडी आली की ती श्वास धरायची, आणि मीही. कळंबच्या पुढे गेल्यावर आप्पा झोपले असं मला वाटलं आणि दर दोन मिनिटांनी मी त्यांच्या छातीकडे मागे वळून बघायची.

मग पूल दिसला. पुलावर काही नव्हतं. पलीकडे बऱ्याच लांबून एक ट्रक येत होता. वहिनी अलीकडेच थांबली. आमच्या बाजूच्या कठड्यावर व्हॅनचा पांढरा रंग अजून लागलेला होता. ट्रकने दिवे चमकवले.

वहिनीने मला इंग्रजीत विचारलं, "तो काय म्हणतोय?"

तिला उत्तर माहीत होतं. ती मला विचारत होती. मी तिच्याशी नेहमी इंग्रजीतच बोलायची, आणि इंग्रजीत बोलले असते तर मागे कोणाला कळलं नसतं.

"मला माहीत नाही," मी मराठीत म्हणाले. "तेव्हाही माहीत नव्हतं. तुला मी उगाच सांगितलं, तो वाट देतोय म्हणून. तू माझं ऐकून गाडी घातलीस."

ट्रक पुलावरून आमच्या शेजारून निघून गेला. व्हॅन हलली. धूळ आत आली. मागून आप्पांचा आवाज आला, बारीक, तापाने जडावलेला.

"तो येतोय म्हणतोय. थांबा म्हणतोय. दिवा मारला म्हंजी वाट त्याची."

मी मागे वळले.

"कांद्याच्या ट्रकात ड्रायव्हरशेजारी बसून म्या किती येळा वाशीला गेलो असंन," ते म्हणाले. "मला इचारायचं ना. तुमी दोघी पुढं काय बोलत व्हता, मला काय कळत व्हतं?"

वहिनीने गिअर टाकला आणि आम्ही पूल पार केला.

डॉक्टरांनी पाय बघितला आणि विचारलं, "आठ दिवस का आला नाहीत?" मी म्हणाले, माझ्यामुळे. त्यांना वाटलं मी शाळेच्या कामात होते. करंगळी काढावी लागली. वेळेवर आला असता तर कदाचित राहिली असती, ते म्हणाले. कदाचित हा शब्द त्यांनी माझ्याकडे बघून जरा सावकाश उच्चारला. पाय वाचला हे नशीब समजा, असंही म्हणाले.

दवाखान्याच्या बाकावर मी वहिनीची माफी मागितली. मला वाटलं ती हात हातात घेईल. तिने घेतला नाही. ती म्हणाली, "चुकीचं सांगितलं त्याचं काही नाही. पण फोनच्या वेळी तू दारात होतीस. मी तुला बघत होते." हे ती मराठीत म्हणाली, अडखळत, प्रत्येक शब्द शोधून. मग उठून आप्पांच्या खोलीत गेली.

त्या रविवारी भावाचा फोन आला तेव्हा मी आधी घेतला आणि त्याला सांगितलं. तो एवढंच म्हणाला, "तिला फोन दे." आप्पा घरी आल्यावर एकदाच या विषयावर बोलले. "माहीत नसलं तर न्हाई माहीत म्हणावं. त्याला काय लागतं?" म्हणाले. मी मान हलवली. आईने मात्र करंगळीचं दुःख पुष्कळ दिवस धरलं आणि त्या दिवसांत मला भाकरी वाढताना ती माझ्याकडे बघत नसे.

ड्रेसिंग पुढे दोन महिने चाललं. जागा बदलल्या. आप्पांनी सांगितलं, "मी फुडं बसतो." पाय पुढे लांब करता येत नव्हता तरी ते पुढेच बसले, दुखरा पाय एका उशीवर ठेवून. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, तिला मराठी थोडं, तरी ते दोघं बोलायचे. आप्पा हाताने दाखवायचे. पुढचा ट्रकवाला उजवा दिवा मिचकावतोय तर तो वळतोय का 'पुढे येऊ नको' म्हणतोय, हे ते त्याच्या चाकांवरून ओळखायचे. "येऊ द्या त्याला." "आता जावा." "थांबा, हा मागं बघतच न्हाई." वहिनीने नवी वही केली नाही. जुन्या वहीत माझ्या रकान्यावर काट मारली का, हे मी कधी बघितलं नाही.

मी मागे बसायची. मागूनही समोरची काच दिसतेच. एखादी बस अंगावर आली की मी डोळे मिटायची आणि आप्पांचा आवाज ऐकायची. वहिनी माझ्याशी कामापुरतं बोलायची. मीठ दे, कपडे वाळले, आईंना बोलाव. शब्द मला विचारत नव्हती.

पाऊसकाळ सरत आला तेव्हा आप्पांची जखम पूर्ण भरली होती. त्यांना त्यांच्या बहिणीकडे मढला जायचं होतं. भाऊ आला होता, पण पॉलिहाऊसचे लोखंडी पाइप उतरवून घेत होता, म्हणून आम्ही तिघंच निघालो. ओतूर मागे पडलं, भाताची खाचरं सुरू झाली. डोंगरावरून ढग रस्त्यापर्यंत आले होते आणि वहिनीने दिवे लावले. मी पुढच्या सीटची पाठ धरली. आप्पा बाहेर बघत होते, कोणाचं भात कसं आहे ते.

रस्त्याच्या कडेला पिवळी पाटी आली. वहिनी आता देवनागरी वाचायची, सावकाश, एकेक अक्षर लावत. "पुढे... ग... ति... रो..." तिने आरशातून मागे बघितलं. "वन्सं, गतिरोधक म्हणजे?"

किती महिन्यांनी तिने मला शब्द विचारला होता. मला अर्थ येत होता, नक्की येत होता. तरी मी घाबरले. मनात दोनदा तपासलं, गती म्हणजे वेग, रोधक म्हणजे अडवणारा, बरोबर आहे का, हेच ना.

"स्पीड..." मी सुरुवात केली, आणि व्हॅन उडाली. मी छताला आपटले. डिकीतला गुळाच्या ढेपेचा डबा धाडकन आदळला. वहिनीने करकचून ब्रेक लावला. आप्पांनी दोन्ही हातांनी पाय धरला होता.

"कळलं का सूनबाई," आप्पा म्हणाले, "गतिरोधक म्हंजी काय?"

वहिनी स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसत होती की रडत होती, मला मागून कळेना. मग तिने डोळे पुसले, पहिला गिअर टाकला आणि गाडी हळूहळू ढगात शिरली.